खाण तशी माती, पण किती?

घरात बाळ जन्मलं की पहिला वाद नावावरून होत नाही, नाकावरून होतो. आत्या म्हणते, नाक आमच्याकडचं. मावशी म्हणते, छे, हे तर आमच्या आईचं. आमच्या घरात आत्याची फूफी होते आणि मावशीची खाला, पण वाद तोच. आपल्या म्हणींनी तर निकालही देऊन ठेवला आहे. खाण तशी माती. बाप तसा बेटा, कुंभार तसा लोटा. म्हणीला 'किती?' हा प्रश्न मात्र कधी पडत नाही. मूल आईबापांसारखं असतं हे कबूल, पण किती? सुमारे दीडशे वर्षांपूर्वी काही माणसांनी हे मोजायला घेतलं, आणि त्या खटाटोपातून आजच्या संख्याशास्त्राचा मोठा भाग उभा राहिला.

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए. आकडेमोडीचा अधिकार माझा नाही. तरी हा विषय निवडला, कारण "आमच्यात उंचीच नाही" हे वाक्य मी आमच्या सातिवलीत फार वेळा ऐकलं आहे. त्या वाक्यात नेमकं किती शास्त्र आहे आणि किती सवय आहे, हे पाहावंसं वाटलं.

सुरुवात फ्रान्सिस गाल्टनपासून करावी लागते. डार्विनच्या नात्यातला हा इंग्रज गृहस्थ दिसेल ते मोजायचा. १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्याने एक मोजमापाचं दालन उघडलं. तीन पेनी द्या आणि आपली उंची, वजन, हाताची पकड मोजून घ्या. पैसे देऊन मोजून घेणारे नऊ हजारांवर लोक त्याला मिळाले. मग बक्षिसं जाहीर करून त्याने कुटुंबांची माहिती मागवली, आणि १८८६ मध्ये २०५ जोडपी व त्यांची ९२८ मोठी झालेली मुलंमुली यांच्या उंचीवरचा निबंध प्रसिद्ध केला. बायका पुरुषांपेक्षा ठेंगण्या, तेव्हा दोघांची सरासरी काढायची कशी? त्याने प्रत्येक स्त्रीच्या उंचीला १.०८ ने गुणलं आणि मग आईबापांची मधली उंची काढली.

रेडिओवर आकृती दाखवता येत नाही, म्हणून डोळ्यांपुढे आणा. आमच्याकडे औद्योगिक गाळ्यांत शर्ट शिवले जातात. तिथला कटिंग मास्टर कापड लावताना मधल्या मापांचे नग जास्त धरतो, अगदी लहान आणि अगदी मोठ्या मापांचे कमी. पदवी नसताना त्याला ठाऊक असतं की माणसं मध्ये दाटीने उभी असतात आणि दोन्ही टोकांना विरळ होत जातात. आता अशी एक रांग आईबापांची लावा आणि समोर एक त्यांच्या मुलांची. गाल्टनला दिसलं ते असं, की सरासरीपेक्षा तीन इंच उंच असलेल्या आईबापांची मुलं सरासरीपेक्षा साधारण दोनच इंच उंच निघतात. ठेंगण्यांचंही तसंच, तीन इंच कमी असलेल्यांची मुलं दोन इंच कमी. म्हणजे उंचांची मुलं उंचच, पण तितकी नाहीत. पाठ्यपुस्तकात याला समाश्रयण म्हणतात. मला 'सरासरीकडे परतणं' एवढं पुरतं.

यावर कुणी म्हणेल, असं परतत राहिलो तर चार पिढ्यांत सगळे एकाच उंचीचे होऊ. तसं होत नाही. मधल्या उंचीच्या आईबापांनाही अधूनमधून ताडमाड मूल होतं, आणि रांगेची टोकं पुन्हा भरून निघतात. याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. गाल्टनने हिशेब उलटा करून पाहिला. फार उंच मुलं निवडली आणि त्यांच्या आईबापांची उंची काढली, तर आईबाप सरासरीकडे झुकलेले! मुलांकडून आईबापांकडे काही परतत जाणं शक्य नाही, काळ उलटा वाहत नाही. म्हणजे यात रक्ताची ओढ वगैरे काही नाही. टोकाला जो पोचतो त्याला थोडी नशिबाची साथ मिळालेली असते, आणि ती साथ त्याच्या पुढच्या-मागच्यांना तेवढीच मिळेल असं नसतं, इतकंच. पहिल्या संग्रहाला पुरस्कार मिळालेल्या कवीचा दुसरा संग्रह फिका का वाटतो, याचंही हेच उत्तर आहे. समीक्षक उगाच त्याची कारणं शोधत बसतात.

गाल्टननंतर कार्ल पिअर्सन आले. १९०३ मध्ये त्यांनी आणि ॲलिस ली यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बापलेकांच्या १०७८ जोड्यांची उंची होती. दोन गोष्टी किती बरोबरीने चालतात हे सांगणारा आकडा म्हणजे सहसंबंध. काही संबंध नसेल तर शून्य, अगदी पावलावर पाऊल असेल तर एक. बाप आणि लेक यांच्या उंचीचा सहसंबंध निघाला जवळपास अर्धा. हा अर्धा ऐकायला मोठा वाटतो. पण त्याचा वर्ग करायचा असतो, आणि अर्ध्याचा वर्ग पाव. लोकांच्या उंचीत जो फरक दिसतो, त्यातला पाव भाग बापाच्या उंचीवरून उलगडतो, बाकीचा पाऊण हिस्सा बापाकडे पाहून कळत नाही. एवढ्याच भांडवलावर आपण बापाकडे बघून मुलाचं भविष्य सांगत असतो.

जाता जाता, पिअर्सन यांनी नवराबायकोच्या उंचीचाही सहसंबंध काढला होता. तो ०.२८ भरला. म्हणजे इंग्लंडातही उंच माणूस उंच बायको शोधत होता. आपल्याकडे याचा पुरावा रविवारच्या वर्तमानपत्रात वधू-वरांच्या जाहिरातींत छापून येतो, फूट आणि इंचांसकट. हिशेबाच्या दृष्टीने ही अडचण असते, कारण आईबाप आधीच एकमेकांसारखे असतील तर मुलाचं साम्य कुणाच्या खात्यावर लिहायचं? नात्यात लग्नं होतात तिथे तर आणखी गुंता. आमच्यात चुलत-मावस भावंडांची लग्नं होतात, आणि महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. लंडनच्या सूत्रात मामा बसत नाही.

पण पिअर्सन यांच्या त्या १०७८ जोड्यांत जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती वेगळीच आहे. तिथले लेक सरासरीने बापांपेक्षा इंचभर उंच होते. एक अख्खी पिढी इंचभर वाढली होती. आणि सहसंबंधाच्या आकड्याला याचा पत्ताही नव्हता! कारण तो आकडा फक्त रांगेतली जागा पाहतो. पुढचा बाप, पुढचा लेक. मागचा बाप, मागचा लेक. सगळी रांगच एक पायरी वर चढली तरी आकडा जिथल्या तिथे. उद्या सगळ्यांची मुलं हातभर उंच झाली तरी तो अर्धाच राहू शकतो.

हे लक्षात ठेवून आता सातिवलीला या. वसई पूर्वेच्या गाळ्यांमागे कामगारांच्या चाळी आहेत. तिथल्या एका अंगणवाडीत मुलांची उंची-वजनं घ्यायचा दिवस होता, मी काही कामाने गेलो होतो. तीनेक वर्षांच्या मुलीचं टिंब तक्त्यावर असायला हवं त्याच्या बरंच खाली पडलं. ताई काही बोलणार तोच मुलीची आजी म्हणाली, "आमच्यात सगळे असेच, बाई. हिचा बाप बघा, आज्जा बघा. आमच्यात उंचीच नाही." ताई गप्प झाल्या. आजी खोटं बोलत नव्हती. बाप दारातच उभा होता, पाच फुटांच्या जरासा वर. पण आजीने सांगितलं ते रांगेतल्या जागेचं. रांग कुठल्या पायरीवर उभी आहे हा प्रश्न त्यात आलाच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. इतक्या घरांच्या खाणीतच खोट असेल का?

इथे मूळ अडचण येते. कुटुंब रक्त देतं, आणि तेच कुटुंब ताटही देतं. दोन्ही एकाच घरातून येतात. मग साम्य रक्ताचं की भाकरीचं, हे वेगळं काढायचं कसं? त्यासाठी शास्त्रज्ञांनी जुळी मुलं शोधली. एकसारखी दिसणारी जुळी सगळी जनुकं वाटून घेतात. वेगळी दिसणारी जुळी इतर सख्ख्या भावंडांप्रमाणे साधारण निम्मी. घर दोघांचंही एकच. तेव्हा पहिल्या प्रकारच्या साम्यातून दुसऱ्या प्रकारचं साम्य वजा करायचं. हा फरक निम्म्या जनुकांचा, म्हणून त्याची दुप्पट करायची. आला जनुकांचा हिस्सा.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण बोटांच्या ठशांचं. लंडनला गाल्टनच्याच नावाच्या प्रयोगशाळेत सारा होल्ट यांनी दहाही बोटांवरच्या रेषा मोजल्या. एकसारख्या जुळ्यांत सहसंबंध ०.९५, वेगळ्या जुळ्यांत ०.४९. वजा करा, दुप्पट करा, ०.९२ येतात. आईबाप आणि मूल यांच्यात ०.४८. नवराबायकोत ०.०५, म्हणजे जवळपास काहीच नाही. बोटांच्या रेषा मोजून कुणी लग्न करत नाही. हे इतकं नीट जुळतं, कारण ठसे आईच्या पोटातच पक्के होतात. पुढे शेतात राबा की दूध-तूप खा, रेषा बदलत नाहीत. (या ठशांची पोलिसांना उपयोगी पडलेली वर्गवारी कलकत्त्यात बसवणाऱ्यांत अझीझुल हक हे नाव पुढे होतं, श्रेय मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांच्या नावावर जमा झालं.) उंचीचं तसं नाही. उंची वीस वर्षं घडत राहते, आणि त्या वीस वर्षांत ताटात काय पडतं ते तिला दिसतं.

उंचीचं एकच एक जनुक नसतं. कितीतरी बारीक बारीक जनुकांची बेरीज होऊन ती ठरते, आणि म्हणूनच ती इंच-इंचाने सलग बदलते, हे रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्येच गणिताने दाखवलं होतं. त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते २०२२ मध्ये कळलं. सुमारे ५४ लाख लोकांच्या तपासणीतून जनुकसंचातल्या १२,१११ जागा उंचीशी निगडित सापडल्या. पण त्यातले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे. त्यांच्यातल्या उंचीच्या फरकाचा साधारण ४० टक्के भाग या जागांवरून सांगता येतो, इतरांच्या बाबतीत १० ते २० टक्केच.

आता आपल्या घराकडे वळू, कारण ही मोजपट्टी आपल्याकडेही फिरली आहे. १९२० साली नागपूरला इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. तिथे झूलॉजिकल सर्व्हेचे संचालक ॲनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस या तरुण भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापं दिली आणि विचारलं, यातून काही अर्थ काढाल का? दोन वर्षांनी त्यातून त्यांचा उंचीवरचा निबंध आला. पुढे १९३१ मध्ये त्यांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली, आणि दोन समूह एकमेकांपासून किती दूर आहेत हे अनेक मापं एकत्र धरून सांगणारं त्यांचं सूत्र १९३६ मध्ये पक्कं झालं. आज संगणकवालेही ते 'महालनोबिस अंतर' म्हणून वापरतात.

महाराष्ट्रात हे काम केलं इरावती कर्वे यांनी. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्या हातात मोजपट्टी घेऊन गावोगाव हिंडलेल्या मानवशास्त्रज्ञही होत्या. त्यांचं शिक्षण झालं बर्लिनला, १९२७ ते १९३० या काळात, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. (वर आलेले फिशर वेगळे. हे वंशश्रेष्ठतेचे पुरस्कर्ते, पुढे नाझींच्या कामी आले.) मोजमापाच्या या विद्येची ही काळी बाजू झाकण्यात अर्थ नाही, 'सुप्रजनन' हा विचार आणि त्यासाठीचा इंग्रजी शब्द गाल्टननेच काढला होता. फिशर यांना वाटत होतं की कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावरून वंशांची प्रत ठरेल. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं की असा काही संबंध दिसत नाही. गुरूच्या घरात बसून गुरूच्या मताविरुद्ध आकडे मांडायला धाडस लागतं.

पुण्याला डेक्कन कॉलेजात आल्यावर त्यांनी संख्याशास्त्र जाणणारे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या जातींची शरीरमापं घेतली. ते पुस्तक १९५१ मध्ये निघालं. अशा अभ्यासांतून त्यांचं ठाम मत झालं की एकाच नावाखाली वावरणाऱ्या पोटजाती एकाच मुळाच्या असतात हे खरं नाही. ब्राह्मण म्हणवणारे गट एकमेकांपासून दूर असू शकतात, कुणबी म्हणवणारेही. कुंभारांतसुद्धा मोठ्या चाकावर घडवणारे वेगळे आणि लहान चाकावर घडवणारे वेगळे. कुंभार तसा लोटा म्हणणाऱ्याने आधी कुठला कुंभार ते विचारायला हवं.

पण दोन गटांच्या सरासरीत फरक सापडला तरी तो रक्ताचा, असं म्हणता येतं का? याचं उत्तर अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये मक्याच्या बियांचा दाखला देऊन दिलं. मी तो आपल्या पालघर जिल्ह्यात आणतो. निरनिराळ्या वाणांचं भात मिसळलेलं एक पोतं घ्या. अर्धं बी वाड्याच्या सुपीक शेतात पेरा, अर्धं खाऱ्या पाण्याने बिघडलेल्या खाजणात. प्रत्येक शेतात काही रोपं उंच, काही बुटकी. शेताच्या आत माती एकच, म्हणून हा फरक निव्वळ बियाण्याचा, शंभर टक्के आनुवंशिक. आणि दोन शेतांमधला फरक? तो निव्वळ मातीचा. बी तर एकाच पोत्यातलं होतं.

म्हणून चांगल्या खात्यापित्या देशांत उंचीतला सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक असतो, हा आकडा जपून वापरायला हवा. पाच फुटांतले चार फूट आईबापांचे आणि एक फूट भाकरीचा, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. तो एका शेतातला आकडा आहे. दक्षिण कोरियात १८९६ मध्ये जन्मलेल्या बायकांपेक्षा १९९६ मध्ये जन्मलेल्या बायका सरासरीने वीस सेंटिमीटर उंच निघाल्या. शंभर वर्षांत कोरियाची जनुकं बदलली नाहीत, शेत बदललं. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या वाढीचे तक्ते २००६ मध्ये काढले, ते सहा देशांतल्या धडधाकट, नीट दूध-अन्न मिळालेल्या मुलांवरून. त्यांत ऑस्लो होतं, घानातलं अक्रा होतं, आपली दक्षिण दिल्लीही होती. लांबी-उंचीच्या एकूण फरकातला फक्त तीन टक्के फरक या ठिकाणांमुळे होता, सुमारे सत्तर टक्के एकाच ठिकाणच्या मुला-मुलांतला. अंगणवाडीतला तक्ता याच मापाचा आहे, 'तो गोऱ्यांच्या पोरांचा' असं म्हणायची सोय नाही.

आणि तरी आजीच्या बोलण्यात एक खरा धागा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्या बायकांची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर, अंगाने किडकिडीत. त्यांची बाळं जन्मली सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली ३.५ किलोची. आई लहानपणी पोटभर जेवली नसेल तर तिची चण लहान राहते, तिच्या पोटात बाळाला जागा आणि अन्न कमी मिळतं, आणि ते बाळ पुढे लहान चणीची आई होतं. घराण्यातून चालत आलेलं हे साम्य जनुकांचं नसतं, तरी बाहेरून अगदी वारशासारखं दिसतं. हा वारसा एका पिढीत पूर्ण फिटत नाही, तेव्हा आज खिचडी सुरू केली आणि उद्या मूल उंच झालं असंही होत नाही.

बालरोगतज्ज्ञ मुलाची अपेक्षित उंची काढायला एक सोपं सूत्र वापरतात, ते जेम्स टॅनर यांच्या कामातून आलं आहे. आईबापांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये सरासरी काढा, मुलगा असेल तर साडेसहा मिळवा, मुलगी असेल तर साडेसहा वजा करा. बाप १६० आणि आई १४८ असेल तर मुलीची १४७.५, मुलाची १६०.५, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काही सेंटिमीटरची सूट. सूत्र बरं आहे, पण आईबापांना स्वतःची पूर्ण उंची मिळाली होती हे ते गृहीत धरतं. ज्यांची वाढ लहानपणीच अडली, त्यांच्या मुलीला ते आधीच अडलेलं लक्ष्य देतं, आणि ती तिथे पोचली की सगळं ठीक म्हणतं. म्हणून जाणते डॉक्टर आधी मुलाचं टिंब तक्त्यावर कुठे आहे ते पाहतात, मागच्या सहा महिन्यांत ते किती वर सरकलं ते पाहतात, घरात खायला काय असतं ते विचारतात, आणि आईबापांना भिंतीला टेकून उभं करतात ते त्यानंतर.